टॅबातली बाई

२०१८ च्या जूनमध्ये आमच्या शाळेत एक खोकं आलं. जीपवाल्यानं ते ओट्यावर ठेवलं, सही घेतली आणि गेला. आत दहा टॅब आणि दहा चार्जर. मी आधी डेडस्टॉकचं रजिस्टर काढलं. जिल्हा परिषदेच्या मास्तरला नवी वस्तू दिसली की आनंद मागाहून होतो, नोंद आधी होते. पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघत होती.

"सर, मोबाईल हायेत का?"

"मोबाईल नाहीत. पाट्या आहेत," मी म्हणालो.

"मंग पेन्सिल कुठंय?"

गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरात. शाळा पहिली ते सातवी, शिकवणारे आम्ही चौघं. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं तेव्हा गावानं लोकवर्गणी करून प्रोजेक्टर घेतला होता. त्याचं कौतुक सहा महिने टिकलं. भिंतीवर कविता वाजायची, पोरं डोलायची, आणि बिल थकून वीज तोडली की सगळं शांत. प्रोजेक्टरची एक गोष्ट मला नेहमी खटकायची. ज्याला येतं त्याला आणि ज्याला येत नाही त्याला तो एकच चित्र दाखवायचा. तसं बघितलं तर मीही तेच करत होतो.

टॅबांत एका संस्थेनं गणिताचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. त्याचं प्रशिक्षण तालुक्याला झालं, एका दिवसाचं. शिकवायला आलेला पोरगा चोवीस-पंचवीसचा असेल. तो म्हणाला, "सर, हे पोराची इयत्ता बघत नाही. उत्तर बरोबर आलं की पुढचं जरा अवघड विचारतं. चुकलं की एक पायरी खाली उतरतं. तिथंही चुकलं की अजून खाली. जिथं पोराचा पाय टेकतो तिथून शिकवायला सुरुवात करतं."

मागून एक जण म्हणाला, "मग आमचा पाय कुठं टेकतो तेही बघून घ्या." सगळे हसले. तेवढ्यात चहा आला.

आता हे सगळं ऑनलाइन. आणि आमच्या गावात रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर, तीही दिवस मावळल्यावर. म्हणून मी असं बसवलं, की पोरांनी दिवसभर टॅबावर गणितं करायची, उत्तरं आतच साठायची, आणि संध्याकाळी मी सगळे टॅब पिशवीत घालून टाकीवर जायचं. तिथं उत्तरं वर चढायची आणि उद्याचा अभ्यास खाली यायचा. पाण्याला आलेल्या बाया विचारायच्या, "गुरुजी, रोज काय भरता हो टाकीतून?"

पहिल्या आठवड्यात चाचणी झाली. सातवीत सव्वीस पोरं, टॅब दहा, म्हणून तीन फेऱ्या केल्या. चाचणी झाली की प्रत्येकाचा एक नकाशा तयार व्हायचा. तो म्हणजे चौकोनांची एक चळतच. आलेलं हिरवं, अर्धवट आलेलं पिवळं, न आलेलं पांढरं. सातवीच्या पायरीवर पाच जण उभे होते. बाकीचे कुणी पाचवीत, कुणी चौथीत. बारकी दुसरीच्या वजाबाकीत.

बारकी हे काही तिचं पटावरचं नाव नाही. घरात शेवटची म्हणून तिला सगळे बारकी म्हणायचे, तेवढंच इथं लिहितो. आई-बाप, थोरली बहीण, दाजी, सगळे ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर सीमेपलीकडं कर्नाटकात, आणि पाडव्याच्या मागंपुढं परत. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी.

तिच्या टॅबावर वरच्या कोपऱ्यात 'इयत्ता दुसरी' असं आलं आणि ते शेजारच्या पोरानं वाचलं. मग काय, मधल्या सुट्टीत 'दुसरी, दुसरी' म्हणून दंगा. बारकीनं टॅब पालथा घातला आणि दोन दिवस हात लावला नाही. ते इयत्तेचं नाव झाकायची सोय सॉफ्टवेअरमध्येच होती. ती मला आठवड्यानं सापडली. प्रशिक्षणात ती सांगितली असेलही. मी चहा पीत असेन.

टॅबातून एका बाईचा आवाज यायचा. शहरी, गोड, एकदम शुद्ध. 'शाब्बास! आता पुढचं उदाहरण सोडवूया.' पोरं तिला टॅबातली बाई म्हणायची. आमच्या शाळेतल्या खऱ्या बाई त्यावरून जरा नाराज होत्या, कारण टॅबातली बाई कधी ओरडायची नाही.

तिच्या गमती बऱ्याच होत्या. ती म्हणायची, 'त्रेपन्न लिही,' आणि चौथीपर्यंतची पोरं खुशाल ३५ दाबायची. कारण सरळ आहे. त्रेपन्न ऐकताना तीन आधी कानावर पडतो, पन्नास मागून. लिहिताना पाच आधी लिहायचा. एकोणसाठचं तर विचारूच नका, म्हणताना साठ आणि लिहिताना पाच-नऊ. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर चेष्टा झाली. विधानसभेतही विषय निघाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर लोकांना समजावून सांगत होत्या आणि लोक विनोद करत होते. मला काही हसता आलं नाही. ३५ दाबणारी पोरं मी रोज बघत होतो.

उणे संख्या शिकवायला बाई लिफ्ट घेऊन यायची. तळमजल्याच्या खाली दोन मजले, म्हणजे उणे दोन. आता आमच्यातल्या एकानंही लिफ्ट पाहिलेली नव्हती. मी म्हणालो, लिफ्ट राहू द्या, विहीर धरा. काठ म्हणजे शून्य. पाणी चार परस खाली, म्हणजे उणे चार. अजून दोन परस खाली गेलं तर? सगळा वर्ग ओरडला, "उणे सहा!" त्या वर्षी पाऊस ऑगस्टमध्येच गेला होता, त्यामुळं हे उदाहरण समजायला कुणालाच जड गेलं नाही.

आणि पोरं ती पोरंच. तिघांनी शोधून काढलं, की मुद्दाम चुकलं की बाई सोपं विचारते आणि सोप्याचे तारे पटापट मिळतात. त्यातला एक एवढा खाली उतरला, की सातवीतला मिशा फुटलेला गडी 'टोपलीत आंबे किती?' करत बसलेला. तारे मात्र त्याचे सगळ्यांत जास्त. त्याला मी चार शिव्या घातल्या, मनातून मात्र वाटलं की गणित याला चांगलंच कळतं.

बारकी तिसऱ्या दिवशी टॅबाकडं परत आली. तिची उत्तरं मी रोज टाकीवर बसून बघायचो. ४०३ वजा १७८, तिचं उत्तर ३७५. ५२ वजा २७, उत्तर ३५. सगळी चूक, पण एकाच जातीची चूक. सॉफ्टवेअरनं ते ओळखून हातच्याच्या वजाबाकीच्या चौकोनाला तांबडी खूण केली होती. मला ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. वह्या तपासताना मी फुली मारायचो आणि पान उलटायचो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला थांबवलं. "बारके, हे कसं केलंस सांग."

ती टॅबावर बोट ठेवून म्हणाली, "तिनातून आठ जाईनात. मंग आठातून तीन काढले."

"आणि शून्यातून सात?"

"त्येबी जाईनात. मंग सात."

यात खोट काढायला जागा नव्हती. मोठ्यातून लहान जातं एवढंच कुणीतरी तिला शिकवलं होतं, बहुतेक मीच, आणि ती ते इमानानं पाळत होती.

मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "कारखान्यावर वाढे विकतेस का कधी?"

वाढे म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा. तोडणाऱ्या बाया त्याच्या पेंढ्या बांधतात आणि दूधवाल्यांना शेकड्यावर विकतात. मिठामिरचीचा खर्च त्यातून निघतो. बारकी म्हणाली, "मीच विकते. आई फडात असती."

"बरं, चारशे तीन पेंढ्या हायेत. एकशे अठ्ठ्याहत्तर दूधवाल्यानं नेल्या. राहिल्या किती?"

तिनं आढ्याकडं बघितलं. "दोनशे पंचवीस."

"कसं काढलंस?"

"एकशे अठ्ठ्याहत्तरमधी बावीस घातल्या की दोनशे. वर दोनशे तीन. झालं की."

"मग इथं पावणेचारशे कसे आले?"

ती माझ्याकडं बघायला लागली, की या सरांना एवढंही कसं कळत नाही. म्हणाली, "ते गणित हाय सर. हे वाढे हायेत."

मी खुर्चीवर बसलो. मग आम्ही दोघांनी त्याच वाढ्यांवर हातचा केला. चार शेकडे बांधून ठेवलेले आणि तीन पेंढ्या सुट्या. आठ सुट्या द्यायच्या तर काय करशील? शेकडा सोडीन. सोडला, त्याचे दहा-दहाचे दहा गठ्ठे झाले. त्यातला एक गठ्ठा सोडला, सुट्या झाल्या तेरा. शेकडे राहिले तीन, गठ्ठे नऊ. शून्याच्या डोक्यावर नऊ कुठून येतो हे तिला त्या दिवशी दिसलं. तिनं तो नऊ वहीत तीनदा गिरवला.

टॅबातल्या बाईला हे वाढ्यांचं कधी कळलं नसतं. तिला उत्तर लिहायला एकच चौकट, आढ्याकडं बघणारी पोरगी तिला दिसत नाही. पण बाईनं तांबडी खूण केली नसती तर मीही तिला विचारलं नसतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

ऑगस्टात एका रात्री घरी सगळे टॅब चटईवर मांडून बसलो होतो. सातवीतली अकरा पोरं दरवर्षी आई-बापांबरोबर जाणारी. त्या अकरांचे नकाशे मी एका वहीत उतरवून काढत होतो. उतरवताना मी ते सॉफ्टवेअरच्या क्रमानं न घेता, मी वर्षभरात ज्या क्रमानं शिकवतो त्या क्रमानं मांडले. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, मग दिवाळीनंतरचे. अकराही जणांची वही एकसारखी निघाली. पांढरे चौकोन सगळे दिवाळीनंतरचे.

म्हणजे असं. बारकी दुसरीत असताना दसऱ्याला गेली, दुसऱ्या सत्राचं शिकायचं राहिलं. तिसरीत पुन्हा जूनला आली, पुन्हा दसऱ्याला गेली. चौथीत तेच, पाचवीत तेच. दरवर्षी तेच महिने जातात म्हणून दरवर्षी तेच धडे जातात. संख्यावाचन, बेरीज, साधी वजाबाकी हे पोरीनं सहा वेळा शिकलेलं. भागाकार आणि अपूर्णांक तिच्या दारापर्यंत एकदाही आले नाहीत. आणि आम्ही शाळेत बसून म्हणत होतो, ऊसतोडीच्या पोरांना गणित जमत नाही.

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तेव्हापासून आठवीपर्यंत नापास करणं बंद होतं. त्यावर लोक बरंच बोलतात, आमच्या शिक्षकांच्या मेळाव्यात तर फारच. मी दरवर्षी सही करून बारकीला वर ढकलत आलो हे खरं. पण नापास करून तरी काय मिळालं असतं? पुन्हा तोच जून आणि तोच दसरा.

माझे आई-वडीलही कोयत्याला जायचे. मी थोरला, मला आजीपाशी ठेवलं, म्हणून मी मास्तर झालो. धाकट्याला आई सोबत न्यायची. तो वर्षाचे सहा महिने कोपीत राहायचा. भागाकार आला की चिडायचा, वही फेकायचा, आणि आम्ही सगळे त्याला ढ म्हणायचो. मी तर सगळ्यांत जास्त. चौथीत त्याची शाळा सुटली. आजी मात्र मरेपर्यंत म्हणायची, की दोघांत डोकं धाकट्याचं. भाऊ आता पुण्याकडं एका गोडाऊनवर वॉचमन आहे. त्या रात्री मी टाकीवर जाऊन त्याला फोन लावला आणि हे पांढऱ्या चौकोनांचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "आजीला सांगाया पायजे व्हतं."

असल्या सॉफ्टवेअरचा दिल्लीत मोठा अभ्यास झाला, तो मी मागाहून वाचला. माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर, पोरं सहावी ते नववीची. २०१९ साली तो अभ्यास अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. साडेचार महिन्यांत पोरं गणितात चांगली पुढं गेली. आणि जी पोरं सगळ्यांत मागं होती, ती नुसत्या वर्गात बसून जवळजवळ काहीच शिकत नव्हती, असंही त्यात निघालं. मला त्यातली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटली. ती पोरं रोज दीड तास केंद्रावर यायची. त्यातला अर्धा वेळ संगणक, अर्धा वेळ माणूस. आमच्या अधिकाऱ्यांना यातला पहिला अर्धाच ऐकू येतो.

सप्टेंबरमध्ये बारकीचे वडील शाळेत आले. ते सहसा शाळेत यायचे नाहीत. आले की दारातच उभे राहायचे. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डायरी.

"गुरुजी, पोरगी म्हणती तिला आता वजाबाकी येती."

"येते की दादा."

"मंग एवढं बघाया लावा."

मुकादमाचा गेल्या हंगामाचा हिशोब होता. पुढची उचल घ्यायच्या आधी त्यांना तो बघून घ्यायचा होता. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एका कोयत्याची उचल ७०,०००. हंगामात मधून मधून घेतलेली खर्ची ९,५००. सहा खाडे, खाड्याला ५०० प्रमाणं ३,०००. एकूण ८२,५००. काम झालं ५१,६४० चं. मुकादमानं खाली लिहिलं होतं, बाकी ३०,८६०.

मी कागद बारकीपुढं ठेवला. खरं सांगतो, माझ्या मनात होतं की मुकादमानं कुठंतरी मारलेली असणार, आणि ही पोरगी ती पकडणार. तिनं ओळी नीट एकाखाली एक लिहिल्या. शून्यातून चार जाईनात, पाचातला एक सोडला. चारातून सहा जाईनात, दोनातला एक सोडला. हळूहळू, ओठ हलवत. उत्तर आलं ३०,८६०.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

वडलांचा चेहरा उजळला. हिशोबानं नव्हे, पोरीनं केला म्हणून. डायरी परत पिशवीत गेली. बारकी मात्र त्या तीन हजारांवर बोट ठेवून बसली होती. "दादा, ह्ये खाडे म्हणजे आई तापली व्हती तेच ना?"

"तेच."

"मंग ते मिळवायचे का?"

त्यावर वडील काही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. वजाबाकी बरोबर होती.

त्या वर्षी दुष्काळ पडला. दसऱ्याच्या आधीच टोळ्या हलायला लागल्या. सरकारनं दुष्काळ जाहीर केला तो ऑक्टोबरच्या अखेरीला, तेव्हा निम्मं गाव गेलेलं. बारकीला मागं ठेवायची मी खटपट केली. हंगामी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव घातलं. मागं राहिलेल्या पोरांची जेवणाची सोय गावातच होते. तिची आजी होती, पण तिला दिसायचं कमी. आई म्हणाली, "गुरुजी, थोरलीचं तान्हं हाय. ती फडात गेल्यावर कोपीत लेकरू कुणापशी ठिवू?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. टॅब देता येत नव्हता, तो डेडस्टॉकला. मी एका चिठ्ठीवर तिचा लॉगिन आणि पासवर्ड लिहून दिला. म्हणालो, कुणाचा मोठा मोबाईल मिळाला तर यात टाक, तुझी बाई तिथंही येईल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, कोंबड्या, शेळी. ती वर बसलेली, मांडीवर तान्हं. चिठ्ठी तिनं कंपासपेटीत ठेवली होती.

नंतरचे तीन महिने तिच्या नावापुढं काही नव्हतं. वर्गात पंधरा पोरं राहिली. टॅब आता दोघांत एक आल्यासारखे झाले, पण मजा गेली होती.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी टाकीवर बसलो होतो. पाणी नव्हतं म्हणून बायाही नव्हत्या. यादी खाली सरकवताना बारकीच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसला. आदल्या रात्री ९ वाजून ४० मिनिटं. अकरा गणितं केलेली, सगळी भागाकाराची. त्यातली नऊ चुकलेली.

मी ती एकेक उघडून बघितली. ६१२ भागिले ६, उत्तर १२. ५२० भागिले ५, उत्तर १४. पुन्हा एकाच जातीची चूक. मधलं शून्य खाल्लेलं. टोळीतल्या एकाकडून ट्रॅक्टरवाल्याचा नंबर मिळवला. दुसऱ्या दिवशी रात्री फोन लागला. मागं कुणीतरी ओरडत होतं, इंजिन चालू होतं.

"बारके, सहाशे बारा पेंढ्या, सहा जणी. एकीला किती?"

"एकशे दोन."

"मग मोबाईलमध्ये बारा का लिहिलंस?"

"सहाला सहा गेले, एक भाग. मंग एक उतरवला, एकाला सहा जाईनात. मंग दोन उतरवला, बाराला दोन भाग." थोडं थांबून म्हणाली, "जाईनात तिथं काय लिहायचं असतं, सर?"

"शून्य लिहायचं. एकीला दहाचा एकसुद्धा गठ्ठा आला नाही, हे लिहून ठेवायचं. नाहीतर शेकडा घसरून दहाच्या घरात येतो."

"शून्य," ती म्हणाली. मग ट्रॅक्टरवाल्यानं फोन घेतला. म्हणाला, "सर, खेप निघाली."

दोन दिवसांनी तिच्या नावापुढं एकच गणित होतं. ८२४ भागिले ८. उत्तर १०३. त्यानंतर काही आलं नाही. ट्रॅक्टर दुसऱ्या फडाला गेला होता.

टोळी एप्रिलमध्ये परत आली. आमची शाळा सातवीपर्यंतच, पुढं आठवीला मोठ्या गावच्या हायस्कूलला जायचं. जूनमध्ये बारकी वडलांबरोबर दाखला न्यायला आली. टॅबावर नवी सातवी चढवायची होती, त्यासाठी जुनी नावं काढून टाकावी लागत होती. काढण्याआधी मी तिचा नकाशा एका फुलस्केपवर हातानं काढला. हिरव्या पेनानं हिरवे चौकोन, बाकीचे तसेच. हायस्कूलच्या सरांना दाखव म्हणून दाखल्याबरोबर दिला.

तिनं तो उभा-आडवा फिरवून बघितला. मग एका चौकोनावर बोट ठेवलं.

"सर, ह्ये काय हाय?"

"भागाकार. तीन अंकी."

"मला येतो की. ह्ये पांढरं का ठिवलंय?"

सॉफ्टवेअरला एका बरोबर उत्तरावर खात्री पटत नाही. ओळीनं काही गणितं बरोबर यावी लागतात, तोवर चौकोन पांढराच राहतो. मी ते तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. मी खडू दिला. म्हणालो, "नऊशे अठरा भागिले नऊ."

तिनं फरशीवर उकिडवं बसून लिहिलं. नवाला नऊ, एक भाग. एक उतरवला. एकाला नऊ जाईनात. तिथं तिनं शून्य काढलं, चांगलं मोठं, आणि पुढं दोन.

वडील दारातून बघत होते. मी कागद तिच्या हातातून घेतला, हिरवं पेन शोधलं आणि तो चौकोन भरला. तिनं कागदाची घडी घातली आणि वडलांच्या पिशवीत, डायरीच्या शेजारी ठेवली.